भूमिगत इंधनटाकीची गळती : माती व भूजलाची तपासणी (सातारा-सांगली परिसर)

पेट्रोलपंपाखाली पुरलेल्या टाकीतून किंवा तिच्या नळ्यांतून झिरपलेले इंधन मातीत किती खोल गेले, कुठे सरकले आणि पाण्यात किती उतरले हे ठरवण्याचे काम. त्याची रूढ पद्धत वाळू-गाळाच्या थरांवर बेतलेली आहे. सातारा-सांगलीत मात्र खाली दख्खनचा काळा पाषाण आहे.

इथे वर काळी माती, उन्हाळ्यात भेगाळणारी. तिच्याखाली मुरूम, मग कातळ. पाणी खेळते ते मुरमातून आणि कातळाच्या सांध्यांतून, म्हणजे भेगांतून. सांधा जाईल तिकडे इंधन जाते. तीन बोअर घ्यायचे, पातळी मोजायची आणि पाण्याच्या उताराची दिशा काढायची, हा नेहमीचा हिशोब म्हणूनच फसू शकतो : पंपालगतचे बोअर स्वच्छ निघते आणि दोन बांध पलीकडच्या विहिरीला वास येतो. ऊसपट्ट्यात विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की पाणी त्यांच्याकडे ओढले जाते ते वेगळेच. नवे बोअर पाडण्याआधी आसपासच्या विहिरी पाहाव्यात आणि कोणाची मोटार किती तास चालते तेही विचारावे.

पहिला सुगावा बहुधा पंपावरच असतो. रोज टाकीत डिपरॉड (खुणा केलेली मोजसळई) टाकून माल, म्हणजे इंधन, मोजतात. रजिस्टरातली थोडी घट बाष्पीभवनाच्या नावावर खपून जाते. पण रॉडच्या टोकाला लावलेल्या वॉटर पेस्टचा (पाणी लागले की रंग बदलणाऱ्या लेपाचा) रंग बदलू लागला, तर टाकीत पाणी शिरले आहे. भोक असेल तर पाणी आत येते त्याच वाटेने माल बाहेर जातो. सांगलीत २०१९ सारखा महापूर नुकताच ओसरला असेल तर मात्र पाणी भरणनळीतूनही आलेले असू शकते. तेवढ्यावरून टाकी फुटली म्हणू नये.

विहिरीवरचा प्रत्येक रंगीत तवंगही तेलाचा नसतो. काडीने हलवून पाहावे : लोहजीवाणूंचा तवंग पापुद्र्यासारखा तुटतो, तेलाचा पुन्हा जुळून येतो. बोअरमध्ये पारदर्शक नळकांडे सोडले की पाण्यावर तरंगणारा इंधनाचा थर सरळ दिसतो, पण तो खडकातल्या थरापेक्षा जाड भरतो. त्यावरून किती लिटर सांडले याचा हिशोब करणे धोक्याचे. प्रयोगशाळेसाठीची बाटली काठोकाठ भरतात, आत बुडबुडा राहू देत नाहीत आणि बर्फात ठेवून नेतात. नाहीतर पेट्रोलमधले बेंझीन वाटेतच उडून जाते.

बेंझीन कर्करोगकारक आहे आणि पाण्यात चांगले विरघळते. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मार्गदर्शक मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. एवढ्याशा प्रमाणाला वास येत नाही. डिझेल कमी विरघळते, पण मातीला वर्षानुवर्षे चिकटून राहते.

ऋतू विसरून चालत नाही. मे महिन्यात पाणी खोल जाते, पावसाळ्यात वर येते आणि तरंगते इंधनही त्याच्यासोबत वरखाली होऊन मुरमाला माखून राहते. मे आणि ऑक्टोबर, निदान या दोन वेळचे नमुने हवेत. एकाच नमुन्यावर ‘पाणी निर्दोष’ लिहिणारा अहवाल वाचण्याच्या लायकीचा नाही.

याच पट्ट्यातल्या साखर कारखान्यांचे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असते. मातीतले जीवाणू ते आधी खातात आणि त्यातच ऑक्सिजन संपवतात. बेंझीन न खाल्लेले राहते आणि लांबवर जाते. जुन्या पंपाच्या जागी शिसेही तपासावे लागते, कारण देशात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद होईपर्यंत विकले जात होते.