बैलाचा खूर, ट्रॅक्टरचा टायर आणि काळी जमीन

मृगाचा दमदार पाऊस झाला की खान्देशातला जाणता शेतकरी लगेच वावरात शिरत नाही. मूठभर माती दाबून पाहतो, वाफसा आला का, म्हणजे जादा पाणी निथळून मशागतीजोगी ओल उरली का, याचा अंदाज घेतो. ओली काळी माती दाबली की दबूनच राहते, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. पण तिला जास्त कोण दाबतं, बैल की ट्रॅक्टर? बहुतेक जण ट्रॅक्टर म्हणतील. हिशोब करून पाहू.

दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. पास्कल हे त्याचं शास्त्रीय एकक, पण आपल्याकडे ठिबक असलेल्या प्रत्येक शेतात त्याहून सोयीचं एकक रोज बोललं जातं. फिल्टरवरच्या गेजचा काटा 1 वर आला की ‘एक किलो प्रेशर आहे’ म्हणतात. हा किलो एका चौरस सेंटिमीटरवरचा. 10 मीटर उंचीवरच्या टाकीतलं पाणी खाली साधारण एवढाच दाब देतं, मग टाकी रुंद असो की अरुंद. हेच माप मातीला लावू.

60 किलोचा माणूस अनवाणी उभा राहिला, तर दोन्ही तळव्यांखाली साधारण 300 चौरस सेंटिमीटर जागा येते. दाब झाला 0.2 किलो. बैल 400 किलोचा आणि एकेक खूर 75 चौरस सेंटिमीटरचा धरला, तर नुसता उभा असतानाच दाब 1.3 किलोच्या वर जातो. चालताना काही पाय उचललेले असतात, तेव्हा तो आणखी वाढतो.

आता 2 टनांचा ट्रॅक्टर. मागच्या एका टायरवर 600 किलोच्या आसपास भार येतो. हा भार आतल्या हवेने पेलेपर्यंत टायर जमिनीवर पसरत जातो. म्हणून मातीवरचा दाब साधारण टायरमधल्या हवेच्या दाबाएवढा असतो, टायरच्या ताठपणामुळे थोडा जास्त. पंक्चरवाला ज्याला 14 पौंड हवा म्हणतो ती जवळपास 1 किलो. म्हणजे 600 चौरस सेंटिमीटरचा ठसा. वरच्या मातीपुरतं पाहिलं तर बैलाचा खूर ट्रॅक्टरपेक्षा जास्त दाबतो!

तरीही ट्रॅक्टरची धास्ती खरीच आहे, आणि मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते इथेच. दाब मातीत खाली उतरताना आजूबाजूला पसरतो आणि कमी होतो. तो किती खोलवर टिकेल, हे ठशाच्या रुंदीवर ठरतं. ठसा जेवढा रुंद, तेवढ्याच खोलीवर वरच्या दाबाचा पाव हिस्सा किंवा थोडा जास्त उरतो. खूर जेमतेम 10 सेंटिमीटरचा, त्यामुळे फूटभर खाली त्याचा दाब जवळपास विरून गेलेला असतो. टायरचा पाव हिस्सा मात्र तिथेही शिल्लक राहतो. खुराने दबलेला थर वखराच्या एका पाळीत मोकळा होतो. टायरने दबलेल्या खालच्या थरापर्यंत वखर पोचतच नाही. तिथे मुळं अडतात, पाणी तुंबतं.

टायरमध्ये कंपनीने सांगितलेल्या मर्यादेत राहून हवा थोडी कमी ठेवली, तर ठसा पसरतो आणि वरचा दाब उतरतो. खोलवरचा दाब मात्र मुख्यतः एकूण वजनाने ठरतो, म्हणून तिथे हवा कमी करून फारसं साधत नाही. भरलेली ट्रॉली बांधावरच थांबवावी. तिच्या टायरांत हवाही जास्त आणि वजनही जास्त.

कोरडवाहू कपाशीच्या वावराला एक आधार आहे. उन्हाळ्यात काळी जमीन आक्रसते, खोल भेगा पडतात आणि दबलेला थर बऱ्याच अंशी आपोआप फुटतो. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागांत ठिबकचं पाणी भर उन्हाळ्यातही चालू असतं. तिथे जमीन तेवढी सुकत नाही, भेगा पडत नाहीत. म्हणून वाफशाची वाट पाहण्याची गरज कपाशीवाल्यापेक्षा केळीवाल्याला जास्त.