कॅड किंवा नकाशाचे सॉफ्टवेअर मध्येच बंद पडते? आधी एवढे तपासा

झूम केले किंवा थ्रीडी मॉडेल फिरवले की स्क्रीन क्षणभर काळी होते आणि ऑटोकॅड किंवा क्यूजीआयएस बंद पडते. ही तक्रार आमच्याकडे येते तोवर अनेकांनी विंडोज नव्याने टाकलेली असते, काहींनी नवे ग्राफिक्स कार्डही घेतलेले असते. आमची कळकळीची विनंती आहे की दोष नक्की कुठे आहे हे कळेपर्यंत यातले काहीही करू नका.

आधी काम वाचवा

ऑटोकॅड पुन्हा उघडल्यावर ड्रॉइंग रिकव्हरी मॅनेजर दिसतो. त्यातली सर्वात ताजी प्रत दुसऱ्या नावाने सेव्ह करा. पुढचे सगळे प्रयोग फाइलच्या कॉपीवरच करा.

दोष ग्राफिक्सचा की फाइलचा?

ऑटोकॅडमध्ये ग्राफिक्सकॉन्फिग ही कमांड द्या, हार्डवेअर ॲक्सिलरेशन (चित्र दाखवण्याचे काम ग्राफिक्स कार्डाकडे सोपवणारी सोय) बंद करा आणि ज्या कृतीने सॉफ्टवेअर बंद पडत होते तीच पुन्हा करून पाहा. आता टिकले, तर संशय कार्डावर किंवा त्याच्या ड्रायव्हरवर, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. तरीही पडले, तर दुसरे ड्रॉइंग उघडून बघा. एकाच फाइलला त्रास होत असेल तर फाइलमधले दोष शोधून दुरुस्त करणाऱ्या ऑडिट आणि रिकव्हर या कमांड वापरा. ॲक्सिलरेशन बंद ठेवणे हा मात्र उपाय नव्हे. सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि मोठे मॉडेल हलता हलत नाही. तपासणी झाली की ते पुन्हा चालू करा.

क्यूजीआयएसमध्ये नवे यूजर प्रोफाइल तयार करून तोच प्रोजेक्ट उघडा. तिथे नीट चालले तर बाहेरून घेतलेले एखादे प्लगइन किंवा जुनी सेटिंग कारणीभूत आहे.

स्क्रीन काळी का होते?

कार्डाने ठरलेल्या वेळेत, म्हणजे साधारण 2 सेकंदांत, प्रतिसाद दिला नाही तर विंडोज त्याचा ड्रायव्हर नव्याने सुरू करते. ड्रायव्हर सावरतो, सॉफ्टवेअरला मात्र ते बऱ्याचदा जमत नाही. विंडोजमधील घडामोडींच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टीम लॉगमध्ये त्याच वेळेची 4101 क्रमांकाची नोंद सापडली, तर हेच घडले असे समजा. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या साठ्यात) ही 2 सेकंदांची मुदत वाढवा, असा सल्ला सर्रास दिला जातो. आम्ही तो सहसा देत नाही, कारण कार्ड तापते आहे, त्याची मेमरी भरते आहे किंवा ड्रायव्हर सदोष आहे, हे मूळ कारण त्याने जात नाही.

ड्रायव्हर बदलताना सर्वात नवा तोच चांगला असे धरून चालू नका. तुमच्या सॉफ्टवेअरच्या कंपनीने प्रमाणित ड्रायव्हरची यादी दिली असेल तर त्यातलाच घ्या, आणि जुना पूर्ण काढून मग टाका. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही.

लॅपटॉपवर बरेचदा दोन ग्राफिक्स चिप असतात आणि जड सॉफ्टवेअर कमकुवत चिपवर चालत राहते. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधील ग्राफिक्स विभागात त्या सॉफ्टवेअरसाठी हाय परफॉर्मन्स निवडा.

यूटीएम निर्देशांक (जमिनीवरची जागा मीटरमध्ये सांगणारे आकडे) असलेल्या थ्रीडी ड्रॉइंगमध्ये रेषा थरथरत असतील तर कार्ड बिघडलेले नसण्याचीच शक्यता जास्त. कार्ड बहुतेक आकडेमोड सुमारे 7 अंकांच्या अचूकतेने करते, आणि लाखो मीटरचे निर्देशांक त्यात नीट मावत नाहीत. मॉडेल मूळबिंदूजवळ, म्हणजे 0,0 जवळ, आणले की थरथर थांबते.

यानंतरही त्रास राहिला तर आम्हाला कळवताना कार्डाचे नाव, ड्रायव्हरची आवृत्ती, 4101 ची नोंद आहे की नाही आणि नेमक्या कोणत्या कृतीने सॉफ्टवेअर पडते, हे लिहा. शक्य असल्यास ती फाइलही पाठवा.