आइसलँडचा महिला हँडबॉल संघ

आइसलँडच्या महिला हँडबॉल टीमला तिथले लोक 'स्टेल्पुर्नार ओक्कार' म्हणतात, म्हणजे सरळ मराठीत 'आपल्या पोरी'. जेमतेम 4 लाख वस्तीचा देश, हिवाळा लांब नि अंधारा, त्यात हा सात-सात जणींचा हॉलमधला खेळ छान रुजलाय. टीमचा कारभार 1957 पासूनची राष्ट्रीय हँडबॉल संघटना बघते.

आइसलँडचं हँडबॉल म्हटलं की सगळे पुरुषांच्या 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिक सिल्व्हरबद्दल बोलतात आणि पोरींचं नाव मागे पडतं, पण त्याच्या 44 वर्षं आधी, 1964 ला, राजधानी रेक्याविकमध्ये उघड्या मैदानावर भरलेली नॉर्डिक (उत्तर युरोपातल्या देशांची) चॅम्पियनशिप पोरींनी जिंकली होती. त्या टीममधली सिग्रीदुर सिगुर्दारदोत्तिर त्या वर्षी देशाची सर्वोत्तम खेळाडू ठरली, हा मान मिळवणारी पहिलीच बाई. (दोत्तिर म्हणजे मुलगी, बहुतेकींच्या नावात वडिलांच्या किंवा आईच्या नावापुढे ते लागतं, आडनाव नव्हे.)

पुढे मोठ्या स्पर्धेचं दार उघडायला थेट 2010 उजाडलं. त्या पहिल्या युरोत (युरोपियन चॅम्पियनशिपमध्ये) तिन्ही मॅच हरल्या, 2012 ला परत तिन्ही. पण मधलं 2011 चं ब्राझीलमधलं वर्ल्ड चॅम्पियनशिप वाचाच, पहिल्याच मॅचला मॉन्टेनेग्रोला 22-21 हरवलं, मग जर्मनीला 26-20, चीनलाही, आणि बाद फेरीत रशियाने अडवलं तरी 12 वा नंबर आला. त्या काळातली ह्राफ्नहिल्दुर स्कुलादोत्तिर, देशासाठी 170 मॅच, 620 गोल, हे आकडे किती मोठे आहेत ते खेळ बघणाऱ्यालाच कळेल.

नंतर पुन्हा 11 वर्षं मोठ्या स्पर्धेत नावच नाही. 2023 ला वाइल्ड कार्डवर (पात्रता न मिळवता दिलेल्या खास प्रवेशावर) वर्ल्डला गेल्या, कोच आर्नार पेतुर्सन, गटात अंगोलाशी 26-26 बरोबरी झाली पण पुढची फेरी हुकली, तर खालच्या टीमांचा प्रेसिडेंट्स कप काँगोला 30-28 हरवून जिंकला. नंबर 25 वा, पण कप तो कपच.

युरोतला पहिला विजय मिळाला 2024 ला, ऑस्ट्रियात इन्सब्रुकला. आधी नेदरलँड्सकडून फक्त दोन गोलांनी हरल्या, मग युक्रेनला 27-24 हरवलं, पहिल्या युरोनंतर तब्बल 14 वर्षांनी! 2025 च्या वर्ल्डला मग वाइल्ड कार्ड लागलंच नाही, प्लेऑफ, म्हणजे पात्रतेच्या शेवटच्या मॅच, जिंकून गेल्या.