जुन्या मोटारींतील पॅकिंग व सीलर

गिअरबॉक्स, डिफरेन्शिअल व अ‍ॅक्सल खोलून पुन्हा जोडताना दोन धातुपृष्ठांत बसवायचा पातळ थर म्हणजे गॅस्केट. त्याच्या जोडीला किंवा जागी लावायचे द्रव्य म्हणजे सीलर. गोव्यातील गॅरेजांत गॅस्केटला सर्रास ‘पॅकिंग’ म्हणतात.

‘गॅस्केट’ हा शब्द मुळात जहाजावरचा. सतराव्या शतकातील इंग्रजीत गुंडाळलेले शीड बांधण्याच्या दोरीला उद्देशून तो आढळतो. त्याचे मूळ बहुधा फ्रेंच ‘गार्सेत’ (बारीक दोरी) असावे. पोर्तुगीज ‘गाशेता’ हा शब्दही याच कुळातला दिसतो, पण कोणी कोणाकडून घेतला याबद्दल एकमत नाही. वाफेच्या यंत्रांत सांधे व दट्ट्याभोवती तागाची वेणी ठासत, तेथून यंत्रातला अर्थ आला हे अधिक पटते. तसे असेल, तर गॅरेजातला ‘पॅकिंग’ शब्द त्या जुन्या अर्थाला धरूनच आहे.

गॅस्केटची जाडी हे पुष्कळदा मापच असते. फोल्क्सवागन बीटलच्या स्विंग अ‍ॅक्सलमध्ये (चाकाबरोबर वरखाली झुलणारा अ‍ॅक्सल) अ‍ॅक्सलच्या नळीच्या गोलाकार बैठकीचा खेळ वेगवेगळ्या जाडीच्या कागदी पॅकिंगने साधतात. पातळ बसले तर नळी जाम होते, जाड बसले तर तेल गळते. अशा ठिकाणी कागद वगळून नुसते सिलिकॉन सीलर लावणे चूकच. बेअरिंग दाबून धरणाऱ्या कव्हरांनाही हेच लागू.

जुने पॅकिंग लाकडी वा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावे. अ‍ॅल्युमिनिअमवर एमरी चालवू नये. जुन्या पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ते ओले करूनच काढावे. नवे पॅकिंग हातोडीने ठोकून कापताना कडा बोथट होतात. कात्री व पंच बरे. पृष्ठे अ‍ॅसिटोनने पुसून कोरडी करावीत. सिलिकॉनची रेघ २-३ मिमी पुरे, आणि ती बोल्टच्या भोकाभोवती आतल्या बाजूने फिरवावी. जास्त लावल्यास आत सुटलेले तुकडे तेलाची वाट अडवतात. हवेशिवाय घट्ट होणारे सीलर फक्त सपाट, कडक पृष्ठांसाठी. फट सुमारे ०.२५ मिमीपेक्षा मोठी नसावी. तेलात उघडणाऱ्या भोकांतील बोल्टच्या आट्यांनाही सीलर लावावे. बोल्ट तिरपे-समोरासमोर, टप्प्याटप्प्याने आवळावेत. सिलिकॉन साधारण २४ तास वाळू द्यावे, मगच तेल भरावे.

सिलिकॉन हवेतील ओलाव्याने घट्ट होते, त्यामुळे पावसाळ्यात त्यावर साय लवकर धरते. ते लावून झाल्यावर जोडणीला उशीर करू नये. जुनी पद्धत स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेची; कागदी पॅकिंगवर ती आजही चालते.

नवे पॅकिंग घालूनही गळती राहिली, तर आधी ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारे छिद्र) पाहावा. तांबड्या धुळीने तो बुजला की आतला दाब वाढून तेल ऑइल सीलमधून बाहेर येते.