दाबोळी ते कराची: १,२६५ किलोमीटरची पार्श्वभूमी

गोव्याहून दिल्ली हवाई रेषेत साधारण १,५०० किलोमीटर आहे. कराची १,२६५. म्हणजे अंतर पाहिलं तर कराची जवळ, आणि एकेकाळी गोव्याचा जगाशी हवाई संबंध होता तो तिथूनच.

दाबोळीचा विमानतळ मुळात अडचणीतून उभा राहिला. भारताने पोर्तुगीज वसाहतींची आर्थिक नाकेबंदी केली आणि १९५५ मध्ये मुरगाव–कॅसलरॉक मार्गावरची रेल्वेही सीमेवर थांबली. बटाटे हॉलंडहून आणायची वेळ आली! त्याच वर्षी दाबोळीची धावपट्टी वापरात आली आणि ‘त्रान्सपोर्तिश आएरेउश दा इंदिया पोर्तुगेझा’ ही सरकारी विमानसेवा निघाली. दमण आणि दीव ही तर पोर्तुगीजांचीच ठाणी, पण भारतीय हद्दीवरून जाता येत नव्हतं, त्यामुळे वाट समुद्रावरून. परदेशी टप्पा म्हणून कराची सोयीची होती: युरोप ते अतिपूर्व मार्गावरचा मोठा थांबा, आणि गोमंतकीयांची जुनी वस्तीही तिथे होती.

त्या ताफ्यात व्हिकर्स व्हायकिंग हे दोन पंख्यांचं विमान होतं. त्याचा वेग ताशी ३४० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे कराचीला हवेत पावणेचार तास. वारा समोरून असला तर त्याहून जास्त. आजचं एअरबस ए-३२० ताशी ८३० किलोमीटरने जातं, पण १,२६५ ला ८३० ने भागून दीड तास म्हणणं चूक. चढताना-उतरताना वेग कमी असतो, धावपट्टीपर्यंत सरकण्यात आणि वाट बघण्यात वेळ जातो. वेळापत्रकात सव्वादोन तास धरावे लागतील.

अंतर स्वतः काढायचं तर कागद-पेन्सिल पुरते. दाबोळी १५.४ अंश उत्तर, ७३.८ पूर्व, कराची २४.९ उत्तर, ६७.२ पूर्व. अक्षांशाचा एक अंश १११ किलोमीटर. रेखांशाचा मात्र उत्तरेकडे आकसत जातो, दोन्ही ठिकाणांच्या मधल्या २० अंशांवर १०४ च धरायचा. इथेच बहुतेकांचं गणित बिघडतं. मग ९.५ × १११ = १,०५५ आणि ६.६ × १०४ = ६८६; दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की १,२५८. अंश गोल केल्यामुळे सातेक किलोमीटर कमी येतात, एवढंच.

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. तळावर अडकलेली दोन पोर्तुगीज प्रवासी विमानं धावपट्टीच्या घाईने दुरुस्त केलेल्या तुकड्यावरून रात्री उडाली आणि कराचीला पोचली. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली आणि ती सेवाही तिथेच संपली. पुढे तळ नौदलाकडे गेला. मुलकी विमानं तिथूनच उडत राहिली, पण धावपट्टी लष्करी असल्याने वेळांची ओढाताण कायम राहिली.

जानेवारी २०२३ पासून गोव्यात मोपाचा दुसरा विमानतळही आहे. तो उत्तरेला असल्याने कराची आणखी तीसेक किलोमीटर जवळ येते. पण थेट विमान नाही, आणि एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आकाश बंद केलं. दुबईमार्गे जायचं तर २,२०० अधिक १,१९० असे जवळपास ३,४०० किलोमीटर पडतात आणि मधला मुक्काम वेगळा. पाकिस्तानचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे, तिकिटावरच्या वेळांची वजाबाकी करताना तेवढं मिळवून घ्यायचं.