इंग्लंडच्या पॅरिश चर्चमध्ये स्मृतिखिडकी बसवायची आहे? फॅकल्टीचा अर्ज असा होतो

आपल्याकडे देवळाच्या फरशीवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असं कोरून घ्यायचं, तर विश्वस्तांशी बोलून पावती फाडली की काम उरकतं. इंग्लंडमध्ये पॅरिश चर्चला, म्हणजे एखाद्या गावाच्या किंवा वस्तीच्या चर्चला, आईवडिलांच्या नावाने रंगीत काचेची खिडकी द्यायची म्हटली, की गाठ थेट न्यायाधीशाशी पडते. त्यांच्या लेखी हुकुमाशिवाय जुनी काच जागची हलत नाही. या हुकुमाचं नाव फॅकल्टी. कॉलेजातल्या फॅकल्टीशी त्याचा काही संबंध नाही.

ही सगळी पद्धत चर्च ऑफ इंग्लंडच्या पॅरिश चर्चांची. कॅथीड्रलचे नियम वेगळे, कॅथलिक चर्चचे वेगळे, आणि वेल्स-स्कॉटलंडचा कारभार आणखी निराळा. मुंबईच्या अफगाण चर्चमध्येही सुरेख रंगीत काचा आहेत, पण ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे आहे. तिथे हा कागद चालणार नाही.

अर्ज कोणी करायचा? बहुतेक वेळा व्हिकर (चर्चचे पाद्री) आणि चर्चवॉर्डन (चर्चचे निवडलेले कारभारी) करतात. तुम्ही देणगीदार, अर्जदार नव्हे. म्हणून पहिली भेट व्हिकरची. आधी चित्रकार गाठून चित्र रंगवून घेतलं आणि मग ते व्हिकरपुढे ठेवलं, तर बरंच काही वाया जाऊ शकतं. व्हिकर हो म्हणाले तरी पॅरोकियल चर्च कौन्सिलचा, म्हणजे चर्चच्या कारभारी मंडळाचा, ठराव लागतोच. बाजूने किती, विरोधात किती, हे आकड्यात लिहून. छोट्या कामांसाठी 'अ' आणि 'ब' अशा दोन याद्या आहेत. 'अ' यादीतली कामं विचारल्याशिवाय करता येतात, 'ब' यादीतल्यांना आर्चडीकनची (बिशपच्या हाताखालचे वरिष्ठ पाद्री) लेखी संमती पुरते. नवी रंगीत खिडकी दोन्हींत नाही.

कोणाच्या स्मरणार्थ? इथे बरेच जण अडतात. चर्चच्या आत स्मारक मिळणं हा कोणाचाही हक्क नाही, आणि न्यायाधीश या बाबतीत हात आखडता ठेवतात. ती व्यक्ती त्या पॅरिशच्या लेखी कोण होती, हे दाखवावं लागतं. मृत्यूनंतर काही वर्षं जाऊ द्यावीत, अशीही अपेक्षा असते. माझं मत विचाराल तर माणसाचा चेहरा काचेत उतरवण्याचा हट्ट सोडावा. केंटमधल्या ट्यूडली गावी 1963 साली समुद्रात बुडून गेलेल्या एका तरुणीच्या स्मरणार्थ चित्रकार मार्क शागाल यांनी पूर्वेची खिडकी केली. ती 1967 मध्ये बसली. सगळी खिडकी निळी. खाली पाण्यात तरंगणारी मुलगी, तिथून वर ख्रिस्ताकडे जाणारी शिडी. ज्याला तिचं नाव ठाऊक नाही, तोही समोर थबकतो. पुढे 1985 पर्यंत त्या छोट्या चर्चच्या बाराही खिडक्या शागाल यांच्याच झाल्या.

कागदपत्रं. इमारत संरक्षित यादीत असेल तर दोन निवेदनं लागतात. एकात इमारतीचं महत्त्व सांगायचं, दुसऱ्यात कामाची गरज. घोळ दुसऱ्यात होतो. 'आम्हाला आईची आठवण जपायची आहे' ही कुटुंबाची इच्छा झाली, पॅरिशची गरज नव्हे. खिडकीने तिथे प्रार्थनेला येणाऱ्यांना काय मिळणार, ते लिहा. सोबत मापात काढलेलं आणि रंगवलेलं चित्र, काचेचे नमुने, सध्याच्या खिडकीचे आतून-बाहेरून फोटो, कारागिराची माहिती, खर्चाचा अंदाज आणि निघणारी जुनी काच कुठे जाणार याचं उत्तर. खिडकी दगडात कशी बसवणार, हेही तपशीलवार हवं. लोखंडी गज गंजून फुगतो आणि चौकटीचा दगड फोडतो, म्हणून धातू कोणता ते विचारलं जातंच. गडद काचेने बाकांवर अंधार होऊन स्तोत्रांचं पुस्तक वाचता येईनासं होईल का, हाही प्रश्न येतो, आणि तो रास्तच आहे. बाहेरून जाळी लावायची असेल तर स्थानिक कौन्सिलची नियोजन परवानगी लागते का, ते वेगळं पाहावं. फॅकल्टीत ती धरलेली नसते.

मजकूर शब्दन् शब्द लिहून द्यायचा. मराठीत, देवनागरीत ओळ हवी असेल तर इंग्रजी अर्थ सोबत जोडाच. कॉव्हेंट्री डायोसीजमधल्या (डायोसीज म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश) एक्सॉलच्या चर्चच्या आवारात एका कुटुंबाला थडग्यावर फक्त आयरिश भाषेत ओळ हवी होती. 2020 मध्ये न्यायाधीशांनी भाषांतराशिवाय परवानगी नाकारली. 2021 मध्ये कोर्ट ऑफ आर्चेस या चर्चच्या अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. तो मामला थडग्याचा होता, खिडकीचा नव्हे, पण आपल्या लोकांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे.

पुढचा प्रवास. कागद ऑनलाइन डायोसीजच्या सल्लागार समितीकडे जातात. समितीला आराखडा कच्चा असतानाच बोलवावं, खर्च वाचतो. गरजेप्रमाणे हिस्टॉरिक इंग्लंड, व्हिक्टोरियन सोसायटी वगैरे जुन्या इमारती जपणाऱ्या संस्थांचं मत घेतलं जातं. समिती शिफारस करते, हरकत नाही म्हणते किंवा शिफारस करत नाही. तिन्ही नुसते सल्ले. नंतर चर्चच्या आत आणि बाहेर 28 दिवस नोटीस लागते. पॅरिशमध्ये राहणारा कोणीही हरकत घेऊ शकतो, त्याला धर्माची अट नाही.

निकाल डायोसीजचे चॅन्सलर देतात. हेच ते न्यायाधीश. संरक्षित इमारतीसाठी ते डफील्ड गावच्या चर्चबाबतच्या 2012 च्या निकालातले प्रश्न लावतात. इमारतीच्या महत्त्वाला धक्का बसतो का, किती बसतो, त्याचं समर्थन किती ठोस आहे, आणि लोकांना होणारा फायदा त्याहून मोठा आहे का? नकार मिळाला तर अपील दक्षिणेत कोर्ट ऑफ आर्चेसकडे, उत्तरेत चॅन्सरी कोर्ट ऑफ यॉर्ककडे.

फॅकल्टी हाती आली तरी तिच्यातल्या अटी आणि मुदत वाचा. मुदत टळत असेल तर आधीच वाढवून घ्यावी. आणि घरच्यांना सांगून ठेवा, की बसलेली खिडकी चर्चच्या इमारतीचा भाग होते. उद्या घर बदललं म्हणून ती काढून नेता येत नाही. चर्चलाही ती मनाला येईल तशी कायमची बदलता येत नाही. ब्रिस्टलच्या सेंट मेरी रेडक्लिफमध्ये गुलामांचा व्यापारी एडवर्ड कोलस्टन याच्या स्मरणार्थ असलेल्या खिडकीतले तुकडे 2020 मध्ये उतरवले गेले. त्यांच्या जागी नवी काच कायमची बसवायला चर्चला पुन्हा फॅकल्टीच मागावी लागली.