‘झील सुट्टीर इलो हा’: प्रबोधिनीतून परतणाऱ्या मुलांमागचा इतिहास

गणपतीच्या आरतीला तो मागे भिंतीला टेकून उभा होता. केस बारीक कापलेले, चेहरा उन्हाने रापलेला. “झील सुट्टीर इलो हा,” म्हणजे मुलगा सुट्टीवर आलाय, असं त्याची आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. गणपतीला चाकरमानीही रजा काढून येतात, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. पण तुळशीचं लग्न लागलं तरी त्याची सुट्टी संपेना. मग लोकांनी विचारणं सोडलं आणि त्याने दिवसाउजेडी बाहेर पडणं सोडलं.

मी बारावीला गणित शिकवतो. मालवण-देवगड पट्ट्यातल्या ज्या मुलांना सैन्यात अधिकारी व्हायचं असतं, त्यांना अर्ज भरायला मदत करतो. त्या मुलाचा अर्जही आम्ही दोघांनी बसून भरला होता. अधिकारी घडवणाऱ्या कुठल्या लष्करी प्रबोधिनीतून तो परतला ते इथे सांगत नाही, कारण प्रश्न एका संस्थेचा नाही. दर सहा महिन्यांनी देशभरातली मुलं अशा संस्थांत दाखल होतात आणि त्यांतली काही पहिल्या सत्रातच माघारी येतात. गावाचं निदान दरवेळी एकच असतं: पोरगं कच्चं निघालं. हेच निदान शंभर वर्षांपूर्वी साहेब लोक करायचे, सगळ्याच भारतीय मुलांबद्दल.

पहिलं महायुद्ध संपत असताना, १९१८ साली, इंग्लंडमधल्या सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात भारतीय तरुणांसाठी वर्षाला दहा जागा ठेवल्या गेल्या. जागा दहाच, तरी त्यांतली बरीच मुलं नापास झाली, काहींनी मध्येच सोडलं. गोऱ्या अधिकाऱ्यांतल्या अनेकांना यात आपल्या मताचा पुरावा दिसला: हिंदुस्थानी माणसात नेतृत्वाचा गुण नाही. १९२५ मध्ये जनरल अँड्र्यू स्कीन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मोतीलाल नेहरू आणि बॅरिस्टर जिना हे तिचे सदस्य होते. मोतीलालजी पुढे त्यातून बाहेर पडले. समितीने मुलांच्या रक्तात काय आहे हे पाहण्याऐवजी मुलं कुठून येतात ते पाहिलं. सातासमुद्रापलीकडचा देश, परकी भाषा, परकं जेवण, आणि इंग्रज मुलांना लहानपणापासून मिळणारी निवासी शाळेची सवय यांच्यापाशी नाही. डेहराडूनला १९२२ साली एक लष्करी शाळा याच कारणासाठी निघाली होती. तिथून तयार होऊन गेलेली मुलं सँडहर्स्टला चांगली टिकत होती. मुलं इथलीच, फक्त आधी कुणीतरी त्यांना वाट दाखवलेली. समितीने देशातच प्रबोधिनी काढण्याची शिफारस केली आणि १ ऑक्टोबर १९३२ रोजी डेहराडूनला इंडियन मिलिटरी अकॅडमी सुरू झाली, पहिल्या तुकडीत ४० जण घेऊन.

त्या काळात कोकण या कथेत कुठे होतं? अधिकाऱ्यांच्या यादीत जवळजवळ नाहीच. शिपायांच्या आणि खलाशांच्या यादीत मात्र पानोपानी. मराठा पलटणीत कोकणी मराठ्यांची भरती वेगळी मोजली जायची. महाडजवळच्या एका अंबवड्याला लोक ‘फौजी अंबवडे’च म्हणतात. दापोली म्हणजे ‘कॅम्प’, पेन्शनर शिपायांचं गाव. मंडणगड तालुक्यातल्या दुसऱ्या आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ, बाबासाहेबांचे वडील, निवृत्तीनंतर दापोलीलाच येऊन राहिले होते. महारांची लष्करभरती इंग्रजांनी बंद केली, तेव्हा त्याविरुद्ध १८९४ साली अर्ज तयार करणारे गोपाळबाबा वलंगकर हे महाडजवळच्या रावढळचे, स्वतः पलटणीचे पेन्शनर. आणि समुद्रावर तर विचारायलाच नको. रॉयल इंडियन मरीनचे नाविक पिढ्यान्‌पिढ्या रत्नागिरी जिल्ह्यातून जायचे, त्यांत कोकणी मुसलमान फार मोठ्या संख्येने.

एवढं सगळं असूनही आमच्याकडची मुलं प्रबोधिनीत गांगरतात, याचं मला सुरुवातीला नवल वाटायचं. आता वाटत नाही. बोटीवर जाणारा पोरगा कधी एकटा गेलाच नाही. त्याला घेऊन जाणारा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, ओळखीतला, बहुधा नात्यातला. मुंबईत उतरल्यावर गावाची खोली होती. तिथे वळकटी ठेवायला जागा, आजारी पडला तर पेज करून देणारं कुणीतरी. बोटीवर पहिल्यांदा ओकारी आली तर ‘तिसऱ्या दिवशी थांबता’ असं सांगणारा माणूस शेजारच्या बंकवर झोपलेला असायचा. पलटणीतही तसंच. रंगरुटाला रगडणारा नाईक शेजारच्या गावचा असे, शिव्या देई त्याही समजणाऱ्या भाषेत.

अधिकारीपदाची वाट या सोबतीविना आली. कारवारजवळच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे यांचं उदाहरण मी मुलांना नेहमी देतो. राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग काढून रणगाड्यांना रस्ता करून दिल्याबद्दल १९४८ च्या कामगिरीसाठी त्यांना परमवीरचक्र मिळालं. हे सगळे सांगतात. मी मुलांना त्याच्या आधीची सात वर्षं सांगतो. राणे १९४० मध्ये बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधे सॅपर, म्हणजे शिपाई, म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशात लढले आणि डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी झाले. अधिकाऱ्याची पट्टी खांद्यावर चढली तेव्हा सैन्य म्हणजे काय हे त्यांना अंगोपांगी माहीत होतं. आपण सतरा-अठरा वर्षांच्या मुलाकडून तीच समज पहिल्या दिवशी मागतो.

आज जी निवडपद्धत आहे तिचा जन्मही गळतीतूनच झाला, हे फार थोड्यांना माहीत असतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये अधिकारी घडवणाऱ्या प्रशिक्षण केंद्रांतून इतके उमेदवार नापास होऊन मूळ तुकडीकडे परत जाऊ लागले की, केवळ मुलाखत घेऊन माणूस ओळखण्याची जुनी रीत मोडीत काढावी लागली. १९४२ मध्ये मानसशास्त्रज्ञांना सोबत घेऊन नवी निवड मंडळं आली. मैदानावर गटाला फळ्या-दोर देऊन अडथळा पार करायला लावणं, चित्र दाखवून गोष्ट लिहून घेणं हे सगळं तेव्हाचं. पुढच्याच वर्षी ती पद्धत डेहराडूनला पोचली आणि आजही भोपाळ, प्रयागराज, बेंगळुरूला एसएसबीचे, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाचे, पाच दिवस म्हणजे थोड्याफार फरकाने तेच. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, म्हणजे एनडीएच्या, परीक्षेत गणिताला ३००, सामान्य क्षमतेला ६०० आणि एसएसबीला ९०० गुण असतात. एवढं सगळं मोजून निवडलेला मुलगा ‘कच्चा’ कसा असेल? शेकड्यांमधून तो वेचून काढलेला असतो.

मग तो का सोडतो? याचं उत्तर अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंटवर फार बारकाईने शोधलं गेलं आहे. खडकवासल्याच्या प्रबोधिनीशी त्या जागेचं जुनं नातं आहे: युद्धानंतर तेव्हाचे सरसेनापती ऑकिन्लेक यांच्या समितीने परदेशांतल्या प्रबोधिन्या अभ्यासून तिन्ही दलांसाठी एकत्र, वेस्ट पॉइंटच्या वळणाची संस्था सुचवली. १९४९ मध्ये डेहराडूनला तिची सुरुवात झाली आणि जानेवारी १९५५ मध्ये खडकवासल्याला औपचारिक उद्‌घाटन. वेस्ट पॉइंटवर पहिल्या उन्हाळ्याच्या खडतर आठवड्यांना ‘बीस्ट बॅरॅक्स’ म्हणतात. अँजेला डकवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा वर्षांत दाखल झालेल्या ११,२५८ कॅडेटांची माहिती तपासली आणि २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. अभ्यासात कोण पुढे राहील हे बौद्धिक चाचणीवरून सांगता येत होतं. पण पहिला उन्हाळा कोण काढेल, याचा अंदाज चिकाटीच्या प्रश्नावलीवरून अधिक चांगला येत होता. म्हणजे पहिल्या काही आठवड्यांची परीक्षा वेगळीच असते आणि तिचा पेपर आधी कुणी सोडवून घेत नाही.

चिकाटी जन्मजात असते असं मात्र मला पटत नाही. माझ्या पाहण्यात ती बरीचशी माहितीतून येते. पुढे काय वाढून ठेवलंय हे कळलं तर माणूस दात-ओठ खाऊन उभा राहतो. काहीच कळलं नाही तर प्रत्येक दिवस शेवट नसलेला वाटतो. पहिल्या सत्रात पहाटेपासून रात्रीपर्यंत मिनिटांचा हिशेब असतो. धावत जेवायचं, धावत कपडे बदलायचे, चूक एकाची झाली तरी शिक्षा सगळ्यांना. त्या शिक्षेला मुलांच्या भाषेत ‘रगडा’ म्हणतात. खडकवासल्याला पोहण्याच्या तलावात दहा मीटर उंचीवरून उडी मारावी लागते. कोकणातला म्हणून मुलगा पोहत असेलच असं सगळे धरून चालतात, पण सड्यावरच्या वाडीतल्या पोराने कमरेएवढ्या वहाळापलीकडे पाणी पाहिलेलं नसतं. त्यात शिकवणं इंग्रजीत, आज्ञा वेगात. घरी फोन ठरल्या वेळीच. चाचण्यांत मागे पडला तर सहा महिने खाली, धाकट्या तुकडीत. त्या लाजेनेच काही जण घरची वाट धरतात.

आमचा मुलगा पायाच्या नळीतलं दुखणं लपवत राहिला. अचानक वाढलेल्या धावण्याने नडगीच्या हाडाला बारीक चीर जाते. लष्करी प्रशिक्षणात हे सर्रास घडतं आणि वेळीच विश्रांती मिळाली तर भरूनही येतं. त्याला वाटलं, सांगितलं तर कामचुकार ठरू. शेवटी पाय टेकवेना तेव्हाही त्याने कारण ‘मन लागत नाही’ असंच दिलं. हे मला त्याने चार महिन्यांनी सांगितलं, मांडवीच्या पुलावर बसून.

‘मन लागत नाही’ म्हणून सोडणं घरच्यांना महागात पडू शकतं. दाखल होताना पालकांकडून बंधपत्र घेतात: मुलाच्या हातातल्या कारणासाठी त्याने प्रशिक्षण सोडलं तर झालेला खर्च भरावा लागतो. सरकारचा पैसा आहे, अट गैर नाही. पण ती भीती मनात धरून काही मुलं नको तितकं रेटतात. आणि जे खरोखर जायबंदी होऊन बाहेर पडतात त्यांची गत आणखी वाईट होती. कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळण्याआधी जखमी झालेला कॅडेट माजी सैनिक धरला जात नसे, त्यामुळे त्या सवलतीही नव्हत्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून याची दखल घेतली, तेव्हा कुठे त्या मुलांच्या उपचारांचा प्रश्न पुढे सरकला.

मुलींसाठी ही वाट २०२२ मध्ये उघडली आणि मे २०२५ मध्ये १७ जणींची पहिली तुकडी खडकवासल्याहून बाहेर पडली. त्यांनाही आधी वाट दाखवणारं कुणी नव्हतं, हे मी वर्गात मुद्दाम सांगतो.

महाराष्ट्राने तयारीसाठी काही केलं नाही असं नाही. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यात निघाली. औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, १९७७ पासून दहावीनंतर मुलं निवडून एनडीएसाठी तयार करणारी सरकारी संस्था आहे. आंबोलीलाही सैनिक शाळा आहे. पण ४ डिसेंबर २०२३ ला तारकर्लीच्या किनाऱ्यावर नौदल दिन झाला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या साक्षीने युद्धनौका उभ्या राहिल्या, त्यानंतर माझ्याकडे अर्ज घेऊन आलेली बहुतेक मुलं साध्या हायस्कुलातली होती. त्यांना जहाजं दिसली. पहिलं सत्र कसं असतं ते सांगणारा माणूस तालुक्यात एकच होता आणि तो घराबाहेर पडत नव्हता.

यंदा जूनमध्ये वाडीतल्या आणखी एका मुलाचं जाण्याचं पत्र आलं. त्याची आई संध्याकाळी पहिल्या मुलाच्या घरी गेली. ओटीवर बसून तिने विचारलं, “गे, तेका थंय काय काय लागला?” पहिल्या मुलाची आई थोडा वेळ गप्प राहिली, मग आत वळून तिने हाक मारली, “बाहेर ये रे, आणि हेंका सांग.” तो बाहेर आला. मोज्यांचे किती जोड न्यायचे तिथपासून त्याने सुरुवात केली, आणि पाय दुखला तर पहिल्याच दिवशी सांगायचं, हे त्याने दोनदा सांगितलं.